ठेवा म्हणजे ठेवून द्यायची वस्तू नव्हे
(शताब्दी सोहळ्यातील सप्ताहाच्या सहाव्या दिवशी केलेले भाषण)





आज कीर्तन नाही, भाषण आहे, म्हणून निरूपणाला अभंग घेतला नाही. मंडळानं विषय दिलाय, ‘आपला सांस्कृतिक ठेवा: गाव, शाळा आणि पर्यटन’. शब्द मोठे आहेत, पण ठेवा हा शब्द आपल्या घरातलाच आहे. म्हातारी माणसं गाडग्यात काही पुरून ठेवायची, त्याला ठेवा म्हणायचे. तो ठेवा मातीत राहिला तरी नासत नाही. आपण ज्या ठेव्याबद्दल बोलायलोत तो तसा नाही. तो बियाण्यासारखा आहे. बियाणं कणगीत घालून वर्षानुवर्षं झाकून ठेवलं तर उगवायचंच बंद होतं. ते पेरावं लागतं, त्यातलं पुन्हा राखावं लागतं, आणि उभ्या पिकात भेसळीचं झाड दिसलं तर उपटावं लागतं. तेव्हा पुढच्या साली अस्सल बी हाती येतं.

हे काम आपल्या भागात कोणी करून दाखवलं? आपल्या पैठणच्या नाथांनी. माउलींनी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली ती शके 1212 मध्ये. त्या वेळी छापखाना नव्हता. एकानं लिहायची, दुसऱ्यानं तिच्यावरून उतरवायची. उतरवता उतरवता कुठं शब्द चुकला, कुठं कोणी आपल्या पदरची ओवी घातली. असं जवळजवळ तीनशे वर्षं चाललं. मग नाथांनी पोथ्या गोळा केल्या, एकीला एक लावून बघितल्या आणि शके 1506 मध्ये, म्हणजे इंग्रजी 1584 साली, पाठ शुद्ध केला. भाद्रपद वद्य षष्ठीला आपण ज्ञानेश्वरी जयंती करतो ती त्याचीच आठवण. नाथ स्वतः केवढे कवी! त्यांनी एकनाथी भागवत लिहिलं, भारुडं लिहिली. पण माउलींच्या ग्रंथात स्वतःचं काही घातलं नाही आणि पुढं कोणी घालू नये असं बजावून गेले. परंपरा असंही सांगते की, आळंदीला समाधीत अजानवृक्षाची मुळी माउलींच्या गळ्याला लागली होती, ती नाथांनी जाऊन काढली. म्हणजे बघा, वाणी जपली आणि जागाही जपली. दोन्ही ठिकाणी काम एकच केलं. जे वरून चढलं होतं ते दूर केलं, नवीन काही चढवलं नाही.

आता आपल्या गावच्या महादेवाच्या देवळाकडं या. काळ्या दगडाचं देऊळ. गावात दोन मतं आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. एक मत म्हणतं, शताब्दी आहे, तर खांबांना ऑइलपेंट देऊ, गाभाऱ्यात चकचकीत फरशी बसवू, जुना सभामंडप पाडून स्लॅबचा मोठा बांधू. असं म्हणणारी माणसं वाईट नाहीत. भक्तीनंच म्हणायलेत, वर्गणीही तेच जास्त देणार आहेत. पण भक्तीनं केलेलं सगळं चांगलंच होतं असं नाही. त्याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे.

अजिंठ्याची चित्रं तुम्ही पाहिली असतील. निजामाच्या राज्यात, 1920 च्या सुमाराला, ती जपायला थेट इटलीहून कारागीर आणले. हेतू चांगला, माणसं जाणकार. रंगाचे पापुद्रे सुटत होते ते त्यांनी चिकटवले आणि काही चित्रांवर लाखेचा लेप दिला. त्या दिवशी चित्रं झळाळली असतील. पण पुढं लेप पिवळा पडला, त्यावर धूळ बसली, चित्रं काळवंडली. नंतरच्या लोकांना तो लेप उतरवायचं नाजूक काम करत बसावं लागलं. जाणकारांच्या हातून असं झालं, तर आपण बाजारातून डबा आणून ब्रश फिरवला तर काय होईल?

दगडाला बारीक छिद्रं असतात. पावसाळ्यात ओल आत जाते, उन्हाळ्यात निघून जाते. वरून ऑइलपेंट दिला की ओल आत कोंडते आणि पापुद्रे सुटायला लागतात. ओली ज्वारी प्लास्टिकच्या पोत्यात भरली तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. दगडाचंही तसंच.

वेरूळचं कैलास लेणं बघा. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण याच्या काळात, एकाच डोंगरातून कोरलं. वरून खाली, आधी शिखर आणि मग तळ. तिथं काढलेला दगड परत बसवता येत नव्हता. हात मारण्याआधी किती विचार केला असेल! आपणही पहार घेण्याआधी तेवढा विचार करावा. पाडलेला मंडप परत येत नाही.

कोणी म्हणेल, महाराज, मग जीर्णोद्धार करायचाच नाही का? करायचा. अहिल्याबाई होळकरांनी घृष्णेश्वराचा केला, म्हणून आज आपण तिथं दर्शनाला जातो. दिंडीतल्या एका मास्तरांनी सांगितलं, जपानात इसे नावाचं देवस्थान आहे. तिथलं लाकडी देऊळ दर 20 वर्षांनी नवं बांधतात. मागं 2013 साली बांधलं. का, तर जुन्या सुताराच्या हाताखाली नवा सुतार तयार व्हावा. ही गोष्ट मला फार आवडली. पण त्यांच्याकडं ते देऊळ जसंच्या तसं उभं करणारे हात आहेत. आपल्या मंडपाचा खांब तसाच घडवणारा पाथरवट आज गावात आहे का? नसेल तर आहे ते सांभाळणं हाच जीर्णोद्धार. गळती काढा, भिंतीत उगवलेला पिंपळ काढा, पाणी बाहेर काढून द्या, दगडाचे सांधे चुन्यात भरून घ्या. आणि त्याआधी संभाजीनगरला पुरातत्त्व खात्याचं कार्यालय आहे, तिथं गावाचा अर्ज द्या. मोठ्या मंडपाची गरज खरी आहे. तो शेजारच्या मोकळ्या जागेत बांधू. माझं मत मी सांगितलं, निर्णय गावानं घ्यायचा.

दगडाचं झालं. आता वाणीचं. आपल्या दिंडीच्या काकड्याच्या, गौळणीच्या, भारुडाच्या जुन्या चाली आज किती जणांना येतात? मी मोजले, चौघांना. चौघंही साठीच्या पुढचे. नवीन पोरांचा आवाज गोड आहे, पण चाल सिनेमाची लावतात. लोक टाळ्या वाजवतात आणि जुनी चाल एक पाऊल मागं जाते. देऊळ पडलं तर दगड तरी राहतात. चाल विसरली की मागं काहीच राहत नाही. जुन्या मंडळींनी हातानं लिहिलेली अभंगांची बाडं आपल्याकडं आहेत. त्यात शब्द आहेत, चाल नाही. चाल माणसाच्या गळ्यात असते.

जगानंही हे ओळखलंय. अजिंठा आणि वेरूळ 1983 साली युनेस्कोच्या यादीत गेले. पण पुढं त्यांच्या ध्यानात आलं की नुसत्या इमारती म्हणजे वारसा नव्हे. 2003 साली त्यांनी गाणं, सण, कारागिरी, तोंडी विद्या यांच्यासाठी वेगळा करार केला. आपला कुंभमेळा 2017 साली त्या यादीत गेला. पण यादीत नाव गेल्यानं कोणाच्या गळ्यात चाल उतरत नाही. ती शिकवावी लागते.

शिकवणारा नसला तर काय होतं ते पैठणीला विचारा. नाव पैठणचं, पण आज मोठा पसारा येवल्याला. पैठणला माग आहेत, नाही असं नाही. पण ज्या गावात घरोघर बापाच्या शेजारी लेक मागावर बसला तिथं कला नांदली. म्हणून माझी मागणी अशी आहे की, शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास देवळात लेकरांना हरिपाठ, पावली आणि जुनी चाल शिकवावी. मुलींनाही पखवाज द्यावा. शिक्षकांनी पोरांना बाडं दाखवावीत, मोडी अक्षर कसं असतं ते दाखवावं. पोरांकडं मोबाईल आहेतच, तर चौघा म्हाताऱ्यांच्या चाली त्यांनी भरून घ्याव्यात. मोबाईलमध्ये चाल राहील, पण ती तिथंच राहू देऊ नका, गळ्यात उतरवा.

आता पर्यटनाचं. काहींना पर्यटक म्हणलं की राग येतो. मला येत नाही. वेरूळला माणसं येतात म्हणून रिक्षावाला, खानावळवाला, पेरू-सीताफळ विकणारी बाई यांची चूल पेटते. दुष्काळी भागाला ही कमाई कमी नाही. पण पाहुणा नुसता बघून गेला तर ठेव्याला त्रासच. 1819 साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला, त्याला अजिंठ्याची लेणी दिसली. त्यानं काय केलं? दहा नंबरच्या लेण्यात आपलं नाव कोरलं. तीच खोड आज आपल्या पोरांना आहे. देवळाच्या भिंतीवर बदाम आणि नाव! नाथांच्या वाड्यात श्रीखंड्याचा रांजण आहे. षष्ठीला गेलेला भाविक त्यात आपल्या हातानं पाणी घालतो. एक माणूस दगडावर स्वतःचं नाव घालून जातो, दुसरा रांजणात पाणी घालून जातो. यात्रा म्हणजे काय, ते या दुसऱ्याकडून शिकावं.

आपल्या गावात पाहुणे आले तर यावेत. झुणका-भाकरीचे, मुक्कामाचे पैसे घ्यायला हरकत नाही, ते बायांच्या बचत गटाला मिळावेत. देवळाची माहिती आपल्याच पोरांनी सांगावी, तीही खरी, फुगवून नाही. पण देवापुढचं भजन तिकिटावर होणार नाही. ज्याला ऐकायचं त्यानं मांडी घालून बसावं, टाळ हातात घ्यावा. भजन विकायला काढलं की आपण ते गिऱ्हाईकासाठी बदलायला लागतो, आणि मग भेसळीचं झाड आपणच लावतो.

शंभर वर्षांत या दिंडीनं दुष्काळ पाहिले, साथी पाहिल्या. वीणा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जात राहिली. वीणा कधी खाली ठेवायची नसते, हा आपला नेम. देणारा उभा, घेणारा उभा. घेणारा तयार नसेल तर देणाऱ्यानं किती वेळ उभं राहायचं? मंडळाला विनंती आहे, शनिवारचा तास येत्या आठवड्यापासून सुरू करा. मी येतो, बाकीच्या तिघांनाही घेऊन येतो. देवळाचा अर्ज ग्रामसभेत ठेवा, आणि उत्तर येईपर्यंत रंगाचा डबा उघडू नका.

जास्त बोललो असेन तर लेकरू समजून पदरात घ्या.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम. शांतिब्रह्म एकनाथ महाराज की जय.