‘मठ्ठ’ म्हणण्यापूर्वी

श्रोतेहो, माझा भाचा दुसरीत गेला तरी हाकेला ओ देत नसे. शाळेने त्याला मागच्या बाकावर बसवले. घरी आम्हीही ‘मठ्ठ’ म्हणून मोकळे झालो. पोराला ऐकूच कमी येत असेल, हे मज एम. ए. झालेल्या मामालाही सुचले नाही! कानाच्या पडद्यामागे पाणी साठले होते. उपचार झाले, आणि आता तो आम्हाला बोलू देत नाही.

गुरुजी, २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा यायचे असते. त्या दिवशी असे मूल आवर्जून पुढे करा. शंका आली तर पथक त्याला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. तिथे कान, डोळे, बोलणे, समज सारे पाहतात. आईलाही खोदून विचारतात. दोन वर्षांचे मूल ‘आई, पाणी’ असे दोन शब्द जोडत नसेल, तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणून थांबू नका, बायांनो.

बुद्धी चांगली असून वाचता-लिहिताना अडणारी मुलेही असतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्यांची अडचण मान्य केली आहे. अशा मुलाला तपासायला नेताना त्याची शाळेची वही बरोबर घ्या, आणि ती नीटनेटकी करून नेऊ नका.