सागाच्या वर्तुळांत साठलेली हवा

सागाचा ओंडका आडवा कापला की दरवर्षीचं एक, अशी वर्तुळं दिसतात. नव्या वर्तुळाची सुरुवात मोठ्या छिद्रांच्या ओळीने होते. ती नुसत्या डोळ्यांनीही ओळखू येते. झाड त्या-त्या वर्षीच्या हवेतला कार्बन त्या वर्षीच्या वर्तुळात साठवतं. ठाण्याच्या सागाच्या वर्तुळांतला कार्बन-14, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, शास्त्रज्ञांनी मोजला आहे. 1950 नंतरच्या अणुचाचण्यांनी हवेतलं त्याचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं आणि 1963 च्या चाचणीबंदी करारानंतर उतरत गेलं. हा चढउतार लाकडात उमटलेला आहे. कोळसा-पेट्रोलच्या धुरात कार्बन-14 मुळीच नसतो. म्हणून धुरकट शहरात ते प्रमाण घटतं. प्रदूषणातले शिशासारखे धातू मात्र शेजारच्या वर्तुळांत सरकू शकतात. त्यांची साक्ष जपूनच घ्यावी. गावातला जुना वृक्ष कोसळला, तर त्याची एक चकती अभ्यासकांसाठी जरूर राखून ठेवा.