एका अपेशी तबकडीचा वंशविस्तार

एखाद्या कलाकृतीचें यश तिच्या खपावरून मोजण्याची आपणां सर्वांनाच संवय जडली आहे. हें माप किती अपुरें आहे हें दाखविणारी अमेरिकन संगीताच्या इतिहासांतील एक हकीकत आज श्रोत्यांपुढें ठेवावी असा विचार आहे.

१९६४ सालीं लॉस एंजेलिस शहरांत ‘बर्ड्स’ नांवाचा रॉक संगीताचा एक संच उभा राहिला. रॉजर मॅग्विनच्या बारा तारांच्या विद्युत् गिटारीचा झणत्कार आणि अनेक कंठांचा मेळ ही त्याची ओळख. बॉब डिलनचें ‘मिस्टर टॅम्बरिन मॅन’ हें गीत त्यांनीं १९६५ मध्यें गायिलें आणि तें अमेरिकेंत लोकप्रियतेच्या शिखरावर जाऊन बसलें. शहरी तरुणांचा हा लाडका संच १९६८ सालीं ‘कंट्री’ संगीताकडे वळला.

कंट्री संगीत हें मुख्यतः दक्षिणेकडील ग्रामीण कष्टकऱ्यांचें गाणें. घर, देव, दारू, तुरुंग आणि विरह हे त्याचे नेहमींचे विषय. व्हिएटनामच्या युद्धानें तेव्हां देश दुभंगलेला होता. लांब केसांच्या तरुणांना हें संगीत जुनाट वाटे आणि त्या संगीताच्या रसिकांना लांब केस खपत नसत. या दोन तटांमधील दरी ओलांडण्याची ओढ लावली ती जॉर्जियांत वाढलेल्या ग्रॅम पार्सन्स या एकवीस वर्षांच्या नव्या सहकाऱ्यानें. किशोरवयापासून मँडोलिनवर लोकसंगीत घोळविलेल्या ख्रिस हिलमननें त्याला साथ दिली.

मार्च १९६८ मध्यें ही मंडळी नॅशव्हिलला गेलीं. तेथील ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा १९२५ पासून चालत आलेला नभोवाणी-कार्यक्रम म्हणजे कंट्री संगीताचें देवघरच. तेथें त्यांचें स्वागत थंडें झालें. शिवाय जाहीर केलेलें गीत सोडून पार्सन्सनें स्वतःचें ‘हिकरी विंड’ म्हटलें, त्यामुळें चालकहि रागावले. ऑगस्टमध्यें ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ ही तबकडी निघाली, ती खपाच्या यादींत ७७ व्या क्रमांकापुढें सरकली नाहीं. धड ना इकडचे, धड ना तिकडचे, अशी त्यांची गत झाली. तत्पूर्वींच, वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर येणार नाहीं असें सांगून पार्सन्स संच सोडून गेला होता.

गोष्ट येथें संपावयाची. पण खरी सुरवात येथूनच झाली. पार्सन्स व हिलमन यांनीं ‘फ्लाइंग बरीटो ब्रदर्स’ हा नवा संच काढला आणि १९६९ मध्यें त्याची पहिली तबकडी आली. तीहि फारशी खपली नाहीं. परंतु या संचांत कांहीं काळ वाजविणारा बर्नी लेडन १९७१ मध्यें ‘ईगल्स’च्या संस्थापकांपैकीं एक झाला आणि कंट्रीचा गोडवा रॉकच्या ठेक्यावर घेऊन त्या संचानें पुढें अमाप कीर्ति मिळविली. पार्सन्सच्या शेजारीं उभी राहून एमिलू हॅरिस सूर मिळवावयास शिकली. १९७३ मध्यें अवघ्या सव्विसाव्या वर्षीं तो वारल्यावर त्याचीं गाणीं तिनें आयुष्यभर गात ठेविलीं. इंग्लंडचा एल्व्हिस कॉस्टेलो १९८१ मध्यें नॅशव्हिलला जाऊन त्यांतलीं कांहीं गाणीं मुद्रित करून आला. १९९० मध्यें इलिनॉयच्या ‘अंकल ट्युपेलो’ या तरुण संचानें कर्कश रॉक आणि जुनें ग्रामगीत एकत्र नांदविलें, त्यामागेंहि हाच वारसा होता.

पिकतें तेथें विकत नाहीं, असें आपण म्हणतों. या तबकडीचें पीक बाजारांत गेलेंच नाहीं, तें बियाणें म्हणून राहिलें. तिचा प्रभाव एका वादकाकडून दुसऱ्याकडे, एका कंठाकडून दुसऱ्या कंठाकडे, समक्ष सहवासानें पोंचला. परक्या मानलेल्या गाण्यांत जे आदरानें शिरले, त्यांना त्या दिवशीं टाळ्या मिळाल्या नाहींत. पण मागून येणाऱ्यांना त्या दरींतून जाण्याची पायवाट मिळाली.