वर्षारंभीं प्रथम काय लिहावें?



पिंपरीपासून चाकणपर्यंत कारखान्यांत वर्षारंभीं उत्पादनाचें उद्दिष्ट ठरतें; घरानेंही आपलें ठरवावें. पिंपरी-भोसरीकडील पुष्कळ कारखान्यांस गुरुवारीं सुटी असते, आणि प्रभूचा वार पाळींत जातो. तथापि १९८३ च्या धर्मसंहितेनुसार शनिवारच्या सायंकाळच्या मिस्सेनेंही रविवारचें कर्तव्य पुरें होतें.

घराच्या हप्त्यासाठीं ओव्हरटाइम करावा लागतो, हें खरें. मार्थेचे श्रमही खरेच होते. परंतु आवश्यक तें कोणतें, हें प्रभूनें तिला मरियेच्या उदाहरणानें शिकविलें.

म्हणून नव्या दिनदर्शिकेंत प्रथम मिस्सेचे वार लिहावे, नंतर मुलांसह जपमाळेची वेळ व आजाऱ्यांच्या भेटी. ओव्हरटाइम उरलेल्या जागीं. जें शेवटीं लिहावें, तेंच बहुधा राहून जातें. ह्या वर्षीं आपले संकल्प प्रभु सिद्धीस नेवो.