यंत्रांच्या सहवासातील मानवी कंठ

ग्रीसमध्ये जन्मलेल्या व्हँगेलिस या संगीतकाराने १९७५ साली लंडनमधील आपल्या नेमो स्टुडिओत ‘हेवन अँड हेल’, म्हणजे स्वर्ग आणि नरक, ही ध्वनिमुद्रिका सिद्ध केली, तेव्हा विद्युत्‌वाद्यांच्या जोडीला त्याने इंग्लिश चेंबर क्वायर या गायकवृंदास पाचारण केले. आणि माझ्या मते या कृतीचे सारे सामर्थ्य त्या एका तजविजीत आहे.

व्हँगेलिस स्वरलेखनाच्या वाटेस कधी गेला नाही. सुचेल ते तो कळफलकावर वाजवी, ध्वनिफितीवर एक थर मुद्रित होई, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, आणि अशा रीतीने एकट्या माणसाच्या दोन हातांतून वाद्यवृंदाचा विस्तार सिद्ध होई. बंदिश कंठातून कंठात सोपविणाऱ्या आपल्या परंपरेला ही रीत परकी वाटू नये. परके वाटते ते निराळेच: रागाची एकेक रेषा न्याहाळण्यास सरावलेल्या आपल्या कानांवर येथे स्त्रीपुरुषांचे अनेक स्वर एकाच क्षणी, एकमेकांवर रचलेले, येऊन आदळतात, आणि कोणत्या स्वराचा माग धरावा हे प्रथम उमगत नाही. अशा वेळी मी खर्जातला पुरुषकंठ धरतो. तो कानात ठरला, की वरचे स्वर आपापल्या जागी उभे राहतात.

कळफलकाचा स्वर अखंड टिकू शकतो; माणसाला मात्र श्वास घ्यावाच लागतो, आणि अनेक गायकांचे श्वास किंचित मागेपुढे पडल्याने समूहस्वरात जी सूक्ष्म आंदोलने उमटतात, ती शेजारच्या यंत्रध्वनीलाही सजीव करतात.

पहिल्या बाजूवरील एक सौम्य सुरावट १९८० साली कार्ल सेगन यांच्या ‘कॉसमॉस’ या दूरचित्रवाणी मालिकेतून जगभर पोहोचली. परंतु ती सुटी न ऐकता, तिच्या आधीच्या त्या प्रचंड वृंदघोषानंतर, मूळ जागीच ऐकावी, असा माझा आग्रह आहे. त्याच बाजूच्या अखेरीस जॉन अँडरसन यांचे गीत आहे. दुसऱ्या बाजूवर व्हाना व्हेरूटिस शब्दांवाचून गातात.

पुढे २००१ साली अथेन्स येथील झ्यूसच्या प्राचीन मंदिराच्या आवारात व्हँगेलिसने संपूर्ण वाद्यवृंद, गायकवृंद आणि जेसी नॉर्मन व कॅथलीन बॅटल या थोर गायिकांसह ‘मिथोडिया’ ही रचना सादर केली. तेथे वैभव कितीतरी अधिक आहे. तरीही मी पुन्हा पुन्हा वळतो ते लंडनच्या त्या बंद खोलीतील मुद्रणाकडे, कारण तेथे यंत्राला असलेली माणसाची गरज अधिक स्पष्टपणे ऐकू येते.