गाडीभोवती एक फेरी

गेल्या दिवाळीच्या पाडव्याला आमच्या दारात एक पांढरी, लहान मोटार येऊन उभी राहिली. नवीन जालन्याच्या जुन्या वस्तीत राहणाऱ्या माणसाला मोटार घेताना पैशाआधी जागेचा प्रश्न पडतो. कर्ज बँक देते, जागा कोण देणार? म्हणून शोरूमला जाण्याआधी मी सुतळी घेऊन गल्ली मोजली होती. शेजाऱ्यांना वाटलं, घराचं काम काढलंय.

आमच्या गल्लीत हॅचबॅकशिवाय दुसरं काही मावलंच नसतं. हॅचबॅक म्हणजे जिची डिकी मागे पेटीसारखी बाहेर आलेली नसते, ती मोटार. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गाच्या मनात मोटारीचं हेच चित्र बसलं. १९९८ मध्ये इंडिका आली, तीही याच घडणीची. पुढे २००६ पासून चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांना करात सवलत मिळाली. त्यामुळे कारखानदारांनी चार मीटरची मर्यादा सांभाळली आणि आमच्यासारख्या गल्लीवाल्यांची आपोआप सोय झाली.

पहिला आठवडा पाहुण्यांचा. प्रत्येकाचा प्रश्न एकच, "ॲव्हरेज किती देते?" मी कागदावरचा आकडा सांगायचो. खरा हिशेब नंतर कळला. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवायचा, पुन्हा काठोकाठ भरताना जितके लिटर लागतील त्याने मधल्या किलोमीटरना भागायचं. जो आकडा येतो तो आपला. गल्लीतल्या पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तो कागदावरच्या आकड्याच्या जवळपासही येत नाही. पण त्यात गाडीची चूक नसते.

गाडी घेतली की आमच्याकडे पहिला मान राजूरच्या गणपतीचा. जालन्याहून पंचवीसेक किलोमीटर. माझा शिकाऊ परवाना होता, म्हणून भाच्याने गाडी चालवली. बोनेटवर स्वस्तिक, चाकांखाली लिंबं. आमच्या सौ.नी ताम्हण घेऊन गाडीभोवती फेरी घातली. मी फोटो काढत होतो.

शिकाऊ परवान्यानंतर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. मी दिली आणि पास झालो. पण परीक्षा मोकळ्या जागेवर झाली, तिथे मामा चौक नव्हता. सराफ्याची गर्दी नव्हती, आडवा लावलेला मोसंबीचा गाडा नव्हता. पंचवीस वर्षं स्कूटर चालवलेल्या माणसाला वाटतं, आपल्याला रस्ता कळतो. पण स्कूटरवर आपण आपलं अंग तेवढं सांभाळतो. मोटारीत डावा कोपरा दिसतच नाही, तो मनाने ओळखावा लागतो. आमच्याच ओट्याच्या कोपऱ्याने पहिला ओरखडा काढला, तेव्हा स्वतःला खरचटल्यासारखं वाटलं.

दुसरा धडा पाण्याचा. २०१२-१३ चा दुष्काळ ज्याने जालन्यात काढला, टँकरची वाट पाहिली, तो नळी लावून गाडी धुवू शकत नाही. एक बादली आणि दोन फडकी पुरतात. मात्र आधी ओलं फडकं अलगद फिरवून धूळ काढायची. कोरड्या फडक्याने पुसलं की तीच धूळ रंगावर बारीक ओरखडे पाडते.

आता ज्या गोष्टीसाठी हे बोलायला बसलो, ती सांगतो. माघातली रविवारची सकाळ होती. एका लग्नाला निघायला उशीर झाला होता. मी घाईने बसलो, चावी फिरवली, रिव्हर्स टाकला. मागचा सेन्सर टीं टीं वाजू लागला. जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा आहे आणि उपयोगाचाही आहे. पण आमच्या गल्लीत तो रोजच वाजतो. भिंत दिसली तरी वाजतो, सायकल दिसली तरी वाजतो. मला ते ऐकू येईनासंच झालं होतं. तेवढ्यात समोरच्या काकू ओट्यावरून ओरडल्या, "अहो, थांबा!"

मी ब्रेक दाबला आणि उतरून मागे गेलो. शेजारचं दोन वर्षांचं पोर मागच्या चाकाजवळ बसून खडे वेचत होतं. चाक आणि त्याच्या पाठीमध्ये वीतभर अंतर. मागच्या काचेतून ते दिसणं शक्यच नव्हतं, काचेच्या कितीतरी खाली होतं. त्याची आई धावत आली, त्याला उचललं आणि आत गेली. मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

आठ दिवस गाडी जागची हलली नाही. विकून टाकावी, असंही मनात आलं. शेवटी सौ. म्हणाल्या, "राजूरला मी गाडीभोवती फिरले होते. तुम्ही कधी फिरलात? चावी लावली की सुटता."

त्या दिवसापासून चावी लावण्याआधी मी गाडीभोवती एक फेरी घालतो. अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही. मागे कोणी बसलंय का, खाली कुत्रं झोपलंय का, एखाद्या चाकातली हवा गेलीय का, जमिनीवर तेलाचा डाग आहे का, सगळं दिसतं. रिव्हर्स घेताना काच खाली, रेडिओ बंद. होय, रेडिओवरूनच सांगतो, तेव्हा रेडिओसुद्धा बंद.

फेरीची ही सवय रस्त्यावरही उपयोगी पडते, कारण निघण्याआधी मन थोडं थांबतं. आपलं गाव सळयांचं. मालगाडीबाहेर सळया काढून नेण्याला २०१४ पासून बंदी आहे, तरी पुढच्या ट्रॅक्टरमधून काय डोकावतंय ते अंधारात कळत नाही. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. ब्रेकवर पाय जाईपर्यंतच तेवढं अंतर संपतं. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावरचं अंतर चौपट होतं. जालन्याजवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे. मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा निघण्याआधी टायर थंड असतानाच हवा तपासून घेतली आणि शंभराच्या आतच राहिलो. मागच्यांनी हॉर्न वाजवले. वाजवू देत.

ते शेजारचं पोर आता चावीचा आवाज आला की आपल्या आईचं बोट धरून बाहेर येतं. आई त्याला ओट्यावर उभं करते, मगच मी आत बसतो. तिने अजून त्या दिवसाबद्दल काही म्हटलेलं नाही. परवा मात्र मी घाईत फेरी न घालता दार उघडलं, तर ते पोरच ओट्यावरून बोट गोल फिरवत म्हणालं, "फेली!"

मी दार लावलं आणि फेरी घातली.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)