पेटीवाल्या बाईचा हिशेब

(महिला संघटनांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मला बोलवताना तुमच्या कार्यकर्तीनं सांगितलं, "ताई, कलावंत बाईचं रोजचं जगणं कसं असतं ते सांगा. आमच्या बायकांना फार उत्सुकता आहे." मी म्हटलं, सांगते, पण हिशेबाची वही बरोबर घेऊन येते. ती हसली. तिला वाटलं मी चेष्टा करतेय. ही बघा वही.

आधी मी काय करते ते सांगते, कारण त्याचाच घोळ असतो. मी नाटकात काम करते. मालिकांमध्ये कधी मावशी, कधी वकीलीणबाई, कधी मुख्य बाईची शेजारीण असते. डबिंग करते. आणि पेटी वाजवते. खरं तर पेटी आधी, बाकी सगळं नंतर. कुठल्या एका कंपनीत नाही, कुणाची नोकर नाही. लोक याला स्वतंत्र कलाकार म्हणतात. यातलं स्वातंत्र्य किती आणि बेभरवसा किती ते वहीत कळतं.

सकाळी पाचला उठते. खर्जाचा रियाज पाचलाच व्हावा लागतो. गळ्यासाठी तर खरंच, पण सहानंतर घर माझं राहत नाही हे मोठं कारण. दूध, डबा, मुलीची शाळा, आईच्या गोळ्या. आई माझ्याकडे असते. शेजारचे काका एकदा म्हणाले, "वहिनी, तुमचा सूर ऐकून जाग येते, अलार्मची गरज नाही." ही तक्रार की कौतुक, अजून कळलेलं नाही.

डोंबिवलीहून गोरेगावला शूटिंगला जायचं म्हणजे दादरला गाडी बदलायची. कॉल नऊचा असला तरी माझा प्रसंग कधी लागेल याचा नेम नसतो. दुपारी चारला लागतो, कधी रात्री आठला. मधे बसून राहायचं. हे बसणं कामात धरत नाहीत, पण उठून कुठं जाता येत नाही. बारा तासांची शिफ्ट संपली की लगेच दादरला प्रयोग असेल तर मेकअप पुसायचा तो गाडीत. पेटी बरोबर असली तर आणखी तऱ्हा. बायकांच्या डब्यात अकरा-बारा किलोची पेटी घेऊन चढणं म्हणजे चार शिव्या ठरलेल्या. मात्र हेही सांगते, शिव्या देणाऱ्या बायकाच ती पेटी वरच्या फळीवर चढवायला हात लावतात, आणि ठाण्याच्या पुढं गर्दी ओसरली की म्हणतात, "वाजवून दाखवा की."

आता वही. मागच्या मार्च महिन्याचं पान. नाटकाचे सहा प्रयोग. आमच्यात पैसे नाइटवर मिळतात, प्रयोग झाला तर पैसे, नाही झाला तर नाही. तालमीचे काही नसतात. दीड महिना तालीम केली तरी पहिली नाइट पडेपर्यंत खिशातून प्रवास. माझी नाइट अडीच हजार. झाले पंधरा हजार. शिकवण्यांची नऊ मुलं-मुली, त्यांचे दहा हजार आठशे. पेटीच्या साथीचे दोन कार्यक्रम, आठ हजार. म्हणजे हातात आले तेहतीस हजार आठशे. मालिकेचे तीन दिवस काम केलं, त्याचे बारा हजार, पण ते मार्चमध्ये नाहीत. ते नव्वद दिवसांनी येतात, दहा टक्के कर कापून. जूनमध्ये शाळेची फी भरताना मी मार्चमधली शेजारीण असते. डबिंगचे दोन दिवस झाले, त्याचं बिल अजून "प्रोसेसमध्ये" आहे. खर्चाच्या बाजूला पेटीचा भाता बदलून सूर लावून घेतला, बावीसशे. रात्रीच्या रिक्षा-टॅक्सी एकोणचाळीसशे. हा रात्रीचा खर्च माझ्याबरोबरच्या पुरुष कलाकारांच्या वहीत नसतो. ते स्टेशनवरून चालत जातात.

आणि या पानावर दोन कार्यक्रम असे आहेत की त्यांच्यासमोर रकाना कोरा आहे. दोन्ही आठ मार्चच्या आठवड्यातले. दोन्ही आपल्याच संघटनांचे.

मला माहीत आहे, इथं थोडी चुळबुळ होणार. होऊ दे.

यातल्या एकाचं सांगते, नाव घेत नाही. फोन आला, "ताई, आपल्याच चळवळीचं काम आहे, दोन गाणी बसवून द्याल ना? दहाच मिनिटं." दहा मिनिटांसाठी आधी बायकांची तीन तास तालीम घेतली. त्या दिवशी जाऊन-येऊन चार तास. तिथं पोचल्यावर पाहुणे उशिरा, मग पाहुण्यांचं भाषण लांबलं, आणखी दोन तास. निघताना नारळ आणि एक पुस्तक मिळालं. पुस्तक चांगलं होतं. माझ्याबरोबर तबल्याला एक मुलगा होता. त्याला पाकीट दिलं. दिलंच पाहिजे, मीच सांगितलं होतं. पण मी बाजूला उभी असताना कोषाध्यक्ष बाई मला म्हणाल्या, "तो प्रोफेशनल आहे ना, त्याला कसं फुकट बोलवणार?"

मी काही बोलले नाही. गाडीत बसल्यावर राग आला. त्या बाईंचा कमी, माझाच जास्त. मीसुद्धा वीस वर्षं हेच करत आलेय. माझ्या तोंडून पैशाचा आकडा निघत नाही. समोरचा म्हणतो, "तुमचं मानधन काय?" आणि मी म्हणते, "बघा, तुम्हाला जमेल ते."

मानधन. हा शब्द नीट ऐका. मान आणि धन. नळ दुरुस्त करणाऱ्याला आपण मानधन देत नाही, मजुरी देतो. वकिलाला फी. मंडपवाल्याचं बिल असतं. जुन्या गवयांना बिदागी मिळायची, त्यातही निदान निरोप देण्याचा रोख व्यवहार होता. मानधन कुणाला? व्याख्यात्याला, कवीला, गाणाऱ्या बाईला. आणि अंगणवाडी सेविकेला. आणि आशाताईला. इथं अंगणवाडीच्या बायका बसल्या आहेत, त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. अंगणवाडीची योजना १९७५ ची. इतकी वर्षं त्या मुलांना खाऊ घालतात, वजनं घेतात, रजिस्टरं भरतात, आणि त्यांना मिळतं ते मानधन, कारण कागदावर त्या "मानसेवी". शेवटी एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की त्यांना १९७२ च्या कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे. म्हणजे जे मान म्हणून देत होतात ती मजुरीच होती, असं निदान तेवढ्यापुरतं तरी मान्य झालं. ती बातमी वाचली तेव्हा मी तालमीच्या मधल्या सुट्टीत होते. मला वाटलं, हा शब्द आपल्या दोघींच्याही पगाराच्या जागी बसवलेला आहे. जिथं बाईनं काम मनापासून करावं अशी अपेक्षा असते, तिथं हा शब्द येतो.

घरात याचंच दुसरं रूप. माझा नवरा बँकेत आहे, चांगला माणूस आहे. मी दौऱ्यावर गेले की मुलीचा डबा करतो आणि अख्खी सोसायटी त्याचं कौतुक करते. माझं कौतुक वेगळं, "तुमचं काय बाई, हौस आहे तुम्हाला." घराच्या कर्जाचा अर्ज भरताना समोरच्या माणसानं माझ्या व्यवसायाच्या रकान्यात मला न विचारता "गृहिणी" लिहिलं. पगाराची चिठ्ठी नाही ना! मी तीन वर्षांची आयकराची विवरणपत्रं पुढं ठेवली, तेव्हा त्यानं खोडून "इतर" असं लिहिलं.

हौशी बायका म्हणून आपल्याला ज्यांच्या गोष्टी सांगतात त्या हौशी नव्हत्या. फाळक्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' केला तेव्हा तारामतीचं काम पुरुषानं केलं, बाई मिळेना म्हणून. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, पोरीला घेऊन पोट भरायचं होतं. कमलाबाई पुढं विधवा झाल्या, मुलं लहान, आणि त्या नाटकांत काम करत राहिल्या. त्यांच्या एका मुलानं, लालजी गोखल्यांनी, तबल्यात नाव काढलं. हे घर कलेनं चाललं. कलेची सेवा वगैरे नंतरचे लोक म्हणतात.

तशीच विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट. खेळ चालू असताना कळा सुरू झाल्या, पडद्यामागं बाळंत झाल्या, आणि पुन्हा बोर्डावर आल्या, असं सांगतात. ही गोष्ट हिमतीची म्हणून सगळीकडे सांगितली जाते. मला ती रजेची गोष्ट वाटते. प्रसूतीच्या रजेचा कायदा १९६१ चा, २०१७ मध्ये ती सव्वीस आठवड्यांची झाली. पण रजा द्यायला कुणी मालक लागतो. माझी मुलगी झाली तेव्हा मी चाळिसाव्या दिवशी प्रयोगाला उभी राहिले. विंगेत आई बाळ घेऊन बसलेली. दूध सुटलं की पदर पुढं घ्यायचा आणि संवाद म्हणायचा. पंधरा दिवस बदली बाई उभी राहिली असती तर भूमिका तिचीच झाली असती, हे मला कुणी धमकावून सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही.

दौऱ्याचं थोडं सांगते, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणी याच कामात आहेत. रात्री प्रयोग संपला की सेट उतरवून बस निघते. पहाटे कुठल्यातरी ढाब्यावर थांबते. पुरुष रस्त्याच्या कडेला मोकळे होतात. आम्ही संध्याकाळपासून पाणी पीत नाही. गाणाऱ्या बाईनं पाणी न पिणं म्हणजे काय ते गळ्याला विचारा. केरळात सिनेमातल्या बायकांनी २०१७ मध्ये एकत्र येऊन आवाज उठवला, सरकारनं हेमा समिती नेमली. तिचा अहवाल डिसेंबर २०१९ मध्ये दिला गेला आणि लोकांसमोर आला तो ऑगस्ट २०२४ मध्ये. सगळ्यांनी त्यातलं लैंगिक छळाचं वाचलं, वाचायलाच हवं. पण त्यात हेही आहे की सेटवर संडास नाहीत, कपडे बदलायला जागा नाही. मी ते वाचून रडले असं नाही, पण आमच्या ग्रुपवर सात-आठ जणींनी एकाच वेळी एकच गोष्ट लिहिली, "अगं, हे आपलंच."

छळाच्या कायद्याबद्दल मला उशिरा कळलेली एक गोष्ट तुम्हाला पाठ असेल, तरी सांगते. मला वाटायचं, मी कुणाची नोकर नाही, मग २०१३ चा कायदा माझा नाही. एका दिग्दर्शकानं तालमीनंतर जे केलं त्याबद्दल मी गप्प बसले त्याला हेही एक कारण होतं. नंतर एका वकील मैत्रिणीनं कायदा समोर ठेवला. हंगामी, रोजंदारीची, कंत्राटी, मोबदला घेणारी, न घेणारी, स्वेच्छेनं काम करणारीसुद्धा त्यात येते. कामासाठी जाल ती जागा, मालकानं दिलेलं वाहनसुद्धा, कामाची जागा. जिथं दहापेक्षा कमी माणसं कामाला, तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. मुदत तीन महिन्यांची. माझे तेव्हा चौदा महिने झाले होते. आमच्या बसमध्ये आता त्या समितीचा पत्ता सीटच्या मागं चिकटवलेला आहे. व्यवस्थापकानं एकदा काढला, आम्ही पुन्हा लावला.

पेटीचं राहिलंच. पेटीला रेडिओवर १९४० पासून १९७१ पर्यंत बंदी होती, परदेशी वाद्य म्हणून. पेटी वाजवणाऱ्या बाईवर अशी लेखी बंदी कधीच नव्हती, तिला नुसतं कुणी बोलवत नव्हतं. तबल्यावर आबान मिस्त्रींसारखी बाई आयुष्यभर बसली, तरी आज मी पेटी उघडते तेव्हा आयोजक विचारतात, "आणि गाणार कोण? तुम्हीच ना?" बाई मधोमध बसलेली चालते, उजव्या-डाव्या हाताला बसलेली खटकते. काही गवई स्पष्ट म्हणतात, बाईची साथ नको, दौऱ्यात खोलीची अडचण होते. खोलीची अडचण म्हणजे खोलीचं भाडं.

कोविडच्या काळात मार्च २०२० ला सगळं बंद झालं. मधे थोडं उघडलं, पुन्हा बंद, आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला नाट्यगृहं परत उघडली. तेवढ्या काळात घर चाललं ते मोबाइलवर पेटी शिकवून. आमच्या कपडेपटातल्या बाई त्या काळात पोळ्या लाटायला गेल्या त्या परत आल्याच नाहीत. पोळ्यांचे पैसे महिन्याच्या महिन्याला मिळतात, म्हणाल्या.

तर आता आपल्याबद्दल. 'मुलगी झाली हो' १९८३ मध्ये आलं, तेव्हापासून आपली चळवळ गाण्या-नाटकावर चालते. मोर्चात मी फुकट गाईन, धरण्यावर फुकट गाईन, तिथं तुम्हीही पगार घेऊन येत नाही. पण ज्या कार्यक्रमाला मंडपाचं बिल आहे, बॅनरचं बिल आहे, जेवणाचं ताट दोनशे रुपयांचं आहे, तिथं गाणाऱ्या बाईचा रकाना कोरा का? जमत नसेल तर आधी सांगा, मी कमी करीन, कधी नाहीही घेणार. पण ते मी ठरवीन. आकडा आधी बोलायचा, फोनवरच. मला लाज वाटते, तुम्हालाही वाटेल. दोघींनी थोडी थोडी वाटून घेऊ.

आजच्या कार्यक्रमाचं तसं ठरलंय. साथीदारासह आठ हजार, अर्धे कालच आले, अर्धे निघताना. तुमच्या कार्यकर्तीनं आकडा ऐकून फोनवर जरा थांबून विचारलं, "ताई, पावती देणार ना?" मी पावतीपुस्तक छापून घेतलंय, आणलंय. त्यावर "मानधन" छापलेलं नाही, "कामाचे पैसे" असं छापलंय. छापखानेवाल्यानं दोनदा विचारलं, नक्की हेच ना.

सव्वाचारला मला निघायचंय, रात्री ठाण्याला प्रयोग आहे. तोपर्यंत तीन गाणी होतील. मधल्या रांगेतल्या ताई, ती पेटी जरा पुढं सरकवता का?